पांढऱ्यावर पांढरं

लग्नाच्या फोटोत सगळ्यांत अवघड काय, असं नवखी माणसं मला विचारतात. त्यांना वाटतं मी म्हणेन, रडणारी नवरी. किंवा घास तोंडाशी नेलेले व्याही. खरं उत्तर आहे पांढरा रंग. काळं सांभाळून घेतं, तांबडं थोडं इकडेतिकडे झालं तरी कोणी भांडायला येत नाही. पांढरं मात्र जळतं. आमच्या धंद्यातला शब्द आहे हा. उन्हात उभ्या असलेल्या मामाच्या टोपीवर प्रकाश जरा जास्त पडला की टोपी, तिच्या घड्या, तिच्यावर पडलेला कुंकवाचा डाग, सगळं नाहीसं होतं आणि तिथे नुसता कोरा कागद उरतो. मग मामा दुकानात येतो आणि विचारतो, "माझ्या डोक्याचं काय केलंत?"

डहाणूत इतकी वर्षं स्टुडिओ चालवून आता माझे स्वतःचे केसही जळायला लागलेत. पण ते निराळं.

लग्नघरात शिरलं की मी आधी पांढरी वस्तू शोधतो. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला काही कळत नसतं. बल्बच्या उजेडात तो सगळ्या वऱ्हाडाला कावीळ करतो, ट्यूबलाइटखाली सगळ्यांना गारठवतो. त्याला आधी काहीतरी पांढरं दाखवून सांगावं लागतं, बाबा रे, हे पांढरं, आता यावरून बाकीच्यांचं ठरव. त्यासाठी मी खिशात कागद ठेवतो. वाणगावच्या एका लग्नात कागद विसरलो म्हणून कॅमेरा एका आजोबांच्या धोतरावर रोखला. आजोबा लग्न लागेपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसले. त्यांच्या पाठीचे मात्र फोटो फार सुरेख आले.

दुसरा ताप म्हणजे गोरेपणा. "जरा उजळ करा हं," असं न म्हणणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. कॉम्प्युटर आल्यापासून हे काम बोटाच्या टोकावर आलं. एका सासूबाईंनी शेजारी खुर्ची टाकून सून, मुलगा, व्याही, सगळ्यांना माझ्याकडून इतकं उजळून घेतलं, की अल्बम घरी गेल्यावर सासऱ्यांनी फोन केला, "अहो, दुसऱ्याच कोणाचं लग्न आलंय आमच्याकडे." पुन्हा सगळ्यांना मूळ रंगावर आणलं. सासूबाईंना तेवढं तसंच ठेवलं, त्यांच्या इच्छेविरुद्ध जाण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

तर असा हा पांढऱ्याशी संसार चालू असताना सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. लोक लग्नात मला बोलवायचे, फोटो काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "पेन ड्राइव्हमध्ये द्या." अल्बमची चौकशी बंद झाली. शेजारचे कापडवाले काका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे आणि माझ्या जखमेवर गुजरातीत मीठ चोळायचे, "फोटोभाई, हवे आल्बम कोण ले छे? बधा मोबाइलमां जुए छे." मी म्हणायचो, "सगळे मोबाइलमध्येच बघतात, खरंय काका. पण कापडही ऑनलाइन मिळतं आता." मग आम्ही दोघं चहा मागवायचो.

शेवटी मी पाटी उतरवली. पाटीवर 'फोटो, व्हिडिओ, अल्बम' असं होतं. त्यातलं 'अल्बम' पुसून 'झेरॉक्स' घालायचं ठरवलं. मंगल, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "घाला की. निदान झेरॉक्स उजळ करा असं कोणी म्हणणार नाही."

आमची एकुलती एक सायली तेव्हा मुंबईला परदेशी भाषा शिकत होती. फ्रेंच शिकून डहाणूत कोणाशी बोलणार, चिकूशी का, असं मी तिला नेहमी विचारायचो. ती सुटीत घरी आली होती. मी जेवणाच्या वेळी पाटीचा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, शब्द पुसायच्या आधी तो कुठून चालत आलाय ते तरी ऐका."

आणि तिने सुरुवात केली. लॅटिनमध्ये आल्बुस म्हणजे पांढरा. रोमन लोक भर चौकात पांढरा रंग फासलेली फळी लावायचे, तिचं नाव आल्बुम. तिच्यावर काळ्या अक्षरांत सरकारी हुकूम आणि माणसांची नावं लिहायची.

"म्हणजे ग्रामपंचायतीचा नोटीस बोर्ड," मी म्हणालो.

"तोच. पुढे रोमचं राज्य गेलं, फळ्या सरपणात गेल्या असतील, पण शब्द राहिला. लॅटिनच्या पोराबाळांनी तो वाटून घेतला. इटली-स्पेनमध्ये आल्बा म्हणजे पहाट."

"पहाट का?"

"आभाळ पांढरं होतं म्हणून. फ्रेंचांनी तोच शब्द चावून चावून नुसता ओब ठेवला. अंड्यातल्या पांढऱ्याला आल्ब्युमेन."

इथे माझे कान टवकारले. आमच्या धंद्याचे पूर्वज फोटोच्या कागदाला अंड्यातलं पांढरं फासायचे, हे मला ठाऊक होतं. जुन्या संस्थानिकांचे ते तपकिरी फोटो असतात ना, ते त्या कागदावरचे. हे मी मोठ्या रुबाबात सांगितलं. मंगलने विचारलं, "आणि पिवळ्या बलकाचं काय करायचे?" मी आमटी वाढून घेतली.

"गंमत म्हणजे," सायली म्हणाली, "पांढऱ्या रंगाला मात्र यातल्या बहुतेकांनी घरचा शब्द टाकला आणि जर्मन टोळ्यांचा उचलला. त्याचे ब्लाँ, ब्लांको, बियांको झाले. रुमानियात मात्र आजही पांढऱ्याला आल्बच म्हणतात."

"एखाद्या घरात धाकटा लेक गावीच राहतो, तसं," मंगल म्हणाली.

"तसंच. आणि आपला अल्बम आला जर्मन विद्यार्थ्यांकडून. ते कोऱ्या पानांची वही घेऊन गावोगाव शिकायला जायचे. गुरू, मित्र, जो भेटेल तो त्यात चार ओळी लिहून सही करायचा. त्या वहीला अल्बम म्हणायला लागले. तिथून शब्द फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये गेला. मग त्यात फोटो चिकटवायला लागले."

"आणि इंग्रजांबरोबर डहाणूत."

"हो. पण बाबा, एक लक्षात ठेवा. ती वही कोरी मिळायची. ज्याची त्याने भरायची. तुम्ही सगळी पानं भरूनच देता."

हे शेवटचं मला थोडं लागलं. पण पाटी मी होती तशीच पुन्हा चढवली. झेरॉक्ससाठी वेगळी छोटी पाटी केली. स्वाभिमान आणि पोट, दोघांची सोय झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सुनील दुकानात आला, आईला घेऊन. हे लोक गंजाडकडच्या एका वारली पाड्यावरचे. सुनील तलासरीत एका रंगाच्या दुकानात कामाला होता. त्याचं लग्न ठरलं होतं आणि त्याला पेन ड्राइव्ह नको होता. त्याला अल्बम हवा होता. मी इतका हरखलो की चहा मागवला, बिस्किटंसुद्धा. त्याने माझे नमुन्याचे अल्बम एकेक उघडून पाहिले. स्टुडिओत पांढऱ्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या जोड्यांवर तो पुन्हा पुन्हा थांबत होता. "आमचा असाच पाहिजे, शेठ. मागं सगळा पांढरा."

त्याची आई लाहनीबाय काउंटरच्या कडेला उभी होती. बारीक, काळीसावळी, बोलायला तयार नाही. तिने बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवलं होतं आणि माझ्या काउंटरच्या काचेवर काहीतरी काढत होती. वाकून पाहिलं तर माझं दुकान. छपरावर कावळा, आत काउंटर, काउंटरमागे मी. कावळा अगदी हुबेहूब होता.

"झकास काढता की," मी म्हणालो. "मग लेकाच्या लग्नाचा चौक तुम्हीच काढणार."

तिने पदराने काच पुसून टाकली. सुनील म्हणाला, "आईला चौक काढता येत नाय, शेठ. म्हंजे येतो. पन काढू देत नाय."

हे परक्या वाचकांना सांगायला हवं. वारल्यांच्या लग्नात आधी घरातल्या भिंतीवर गेरू-शेण सारवतात आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक काढतात. मधे पालघाट देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्या. चौक नाही तर लग्न नाही. तो काढायचा सवाष्णींनी. आणि लग्न लावते ती बाईच, धवलेरी. ती गाते आणि लग्न लागतं. आता, लाहनी आणि तिचा नवरा रावजी यांचा संसार सुनीलच्या वयापेक्षा जुना, पण त्यांचं लग्न लागलेलंच नव्हतं. यात त्यांच्यात काही लाजण्यासारखं नाही. लग्नाला मांडव लागतो, गावजेवण लागतं. एका वर्षी पाऊस नाही, एका वर्षी बैल गेला, करू करू म्हणता सुनीलला मिशा फुटल्या. पण लग्न नाही म्हणून सवाष्णीचा मान नाही. पाड्यात सर्वांत सुरेख हात लाहनीचा, आणि आजवर प्रत्येक चौकाच्या वेळी ती बाहेर बसून पीठ कालवून देत आलेली.

"लेकाच्या आधी आईबापाचं लागतं आमच्यात," सुनील म्हणाला. "एकाच मांडवात. पहिल्या दिवशी त्यांचं, दुसऱ्या दिवशी माझं."

"म्हणजे दुसऱ्या दिवशी..."

"दुसऱ्या दिवशी मी काढीन," लाहनीबाय पहिल्यांदा बोलली. "सुनीलचा चौक."

त्यांची बोली मला पुरी लिहिता येत नाही. माझ्या कानातून जेवढी गळून उरली तेवढी देतो.

विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा उलटली होती, ऊन असं की स्कूटरची सीट भाकरी भाजेल. पहिल्या दिवशी सकाळीच मी कॅमेऱ्याच्या पिशव्या, स्टँड आणि दोन सनगन घेऊन पोहोचलो. सनगन म्हणजे व्हिडिओचे ते डोळे दिपवणारे दिवे. त्यांच्यासमोर नवरानवरी लाजतात असं पाहुण्यांना वाटतं, ती खरं तर भाजत असतात.

पाड्याच्या वळणावरच मला ऑइलपेंटचा वास आला.

घर नवं होतं, घरकुल योजनेतलं, विटा-सिमेंटचं. कुडाचं जुनं घर पाडून त्याच जागी बांधलेलं. आत पाय टाकला आणि मी डोळे मिटले. चारही भिंती पांढऱ्या. नुसत्या पांढऱ्या नव्हे, चकचकीत. सुनीलने दुकानातून रंग आणून पुट्टी, प्रायमर आणि वर ऑइलपेंटचे दोन हात, असं सगळं शास्त्रशुद्ध केलं होतं. माझ्या नमुन्याच्या अल्बमपेक्षा पांढरं. आणि त्या भिंतीसमोर पाच-सहा बाया गेरूची घमेली घेऊन उभ्या होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"सारवलं," एक बाई म्हणाली. "ते बघा."

भिंतीवर एक तांबडा पट्टा सारवला होता. तो वाळत होता आणि वाळता वाळता कडांनी उचलत होता, भाजलेल्या पापडासारखा. आमच्यादेखत एक मोठा तुकडा सुटला आणि खाली पडला. एका बाईने दुसऱ्यांदा सारवलं. तेही गेलं.

"मना वाटला, सारवतील वरून," सुनील म्हणाला. "दर लग्नात सारवतात ना. पहिल्या भिंतीवर चुना होता, त्यावर पन सारवायचे."

"चुना पितो रे, हा काय पिनार? याला तर घाम बी येत नाय," बाई म्हणाली.

"डब्यावर लिवलाय, यावर काय पन चिकटत नाय." आपण रंगाची जाहिरात करतोय हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

पिठाने थेट पांढऱ्यावर काढायचा प्रश्नच नव्हता. पांढऱ्यावर पांढरं दिसणार काय? कोणी म्हणालं, कापड सारवून लावा, बाजारात विकायला काढतात तसं. कोणी म्हणालं, शेजारच्या घरात काढू. सगळ्यांनी धवलेरीकडे पाहिलं. जानकीआजी खाटेवर बसली होती. तिचं वय तिलाही माहीत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज असा की दोन शेतं ओलांडून जाईल.

"कापडाला लग्न लावायचा का?" ती म्हणाली. "देव घरात येतो. या घरच्या भिंतीत बसतो. शेजारी बसला तर शेजाऱ्याचा लागल."

"मंग पुढल्या वर्षी करू आमचा," लाहनीबाय हळूच म्हणाली. "सुनीलचा उद्या शेजारी काढा कसा तरी. पोरीकडचे येतील, त्यांना परत कसा लावायचा."

"शेजारी नाय म्हटलं ना," आजी म्हणाली. "आणि तू पुढल्या वर्षी म्हनशील ते किती वेळा ऐकू?"

लाहनीबाय हसली, पण तिच्या हातात बांबूची काडी होती. टोक चावून कुंचला केलेली, पिठात बुडवायला तयार. कधी केली असेल कोणास ठाऊक. ती काडी तिने हळूच चोळीखाली कमरेत खोचली. मी कॅमेरा उचलला होता, तो खाली केला. पांढऱ्यापेक्षाही अवघड काही असतं ते हे.

रावजी तोवर दारात उभा होता. नवरदेव असून त्याने अजून कोरं धोतरही नेसलं नव्हतं. हा माणूस बोलायचा नाही, हे मला दुकानात सुनीलने सांगितलं होतं, "बाबा वर्षाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन बैलाशी." तो वळला आणि घरामागे गेला. थोड्या वेळाने कोंबड्यांचा ओरडा झाला आणि त्या सगळ्या एकदम अंगणात आल्या. मागे जाऊन बघतो तर रावजी वाडीचं कुंपण उपटत होता.

"बाबा, कुंपन कशाला तोडतोस?"

रावजीने एक कारवीची काठी उचलून लेकाला दाखवली. तिच्यावर जुना चिखल चिकटला होता, त्या चिखलावर गेरूचा फिकट डाग. जुन्या घराच्या कुडाची काठी. घर पाडताना त्याने सगळी कारवी जपून ठेवली होती आणि वाडीला कुंपण केलं होतं.

"भिंत हाय," तो म्हणाला. वर्षातलं एक वाक्य खर्ची पडलं.

बातमी आत गेली. जानकीआजीने काठी हातात घेतली, बोटांनी चाचपली, नाकाशी धरली. "याच घराची," ती म्हणाली. "उभी करा."

त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यात एकदाच पाहिलंय. पाड्यातली माणसं हाक न मारता आली. कोणी बांबू रोवले, कोणी कारवी विणली, पोरांनी नाल्यातून माती आणली, बायांनी शेण-भुसा घालून ती तुडवली. त्या चकचकीत पांढऱ्या भिंतीला चिकटून, तिच्यापुढे एक कुडाची भिंत उभी राहायला लागली. मी एका कोपऱ्यात चुळबुळत होतो, तेवढ्यात एक म्हातारी माझ्या हातात चिखलाचं घमेलं देऊन म्हणाली, "उभा काय ऱ्हायलास, तुझा पोट आडवा येतो." मी माती थापायला लागलो. सुनील सगळ्यांत जास्त थापत होता. कोणी त्याला एका शब्दाने काही म्हणालं नाही, पण प्रत्येक जण जाता जाता विचारायचा, "याच्यावर चिकटतो ना रे सुनील? डब्यावर काय लिवलाय?"

दुपारी भिंत उभी राहिली, पण ओली. ऊन बाहेर, भिंत आत. तेव्हा मला माझे सनगन आठवले. दोन्ही स्टँडवर चढवून भिंतीसमोर लावले. घराचा मीटर पहिल्या क्षणी बसला. मग डीजेवाल्याचा जनरेटर. तो म्हणाला, "मग डीजे?" आजी म्हणाली, "भिंत नाचंल आधी, मंग तू." नवरानवरीला भाजण्यासाठी आणलेले दिवे भिंत भाजायला लागले. वाफ अशी निघाली की माझ्या लेन्सवर धुकं. पण तसंही फोटो कोण काढणार? हाताला कोपरापर्यंत चिखल होता.

भिंतीची वाट पाहत आम्ही ओट्यावर बसलो. मला गप्प बसता येत नाही, म्हणून मी लाहनीबायला सायलीची गोष्ट सांगितली. रोमची पांढरी फळी, पहाट, अंडं, जर्मन पोरांची वही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे त्ये लोक भिंत पांढरी करत आनि वर काळ्यानं लिवत?"

"हो."

"सुनीलसारकेच." तिने पुढे विचारलं, "आनि त्या पोरांच्या वहीत पहिला काय असायचा?"

"काही नाही. कोरी असायची."

"चांगला हाय," ती म्हणाली. मग उठून भिंतीला हात लावून आली. आजीनेही लावला. "चढवा गेरू," आजी म्हणाली.

संध्याकाळी आईबापाचा चौक निघाला. सवाष्णींनी काढला, आजी गात होती. त्या गाण्यांना धवळे म्हणतात. धवल म्हणजे पांढरं, हे मला त्या क्षणी आठवलं आणि आपल्याही पांढऱ्याला पोरंबाळं बरीच दिसतात असं वाटलं. नातं खरं आहे की माझी फोटोवाल्याची समजूत, ते जाणकारांनी ठरवावं. दिवेलागणीनंतर लाहनी-रावजीचं लग्न लागलं. रावजीचे कान लाल झाले होते. सुनील वरबापासारखा इकडून तिकडे पळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाहनीबाय भिंतीच्या उरलेल्या कोऱ्या भागासमोर बसली. कमरेची काडी काढली, पिठात बुडवली आणि थांबली. सगळ्या सवाष्णी थांबल्या. जानकीआजी म्हणाली, "काढ. मना दिसत नाय, तू काढतीस का बसलीस ते कसा कळनार? बोलत काढ." मग लाहनी प्रत्येक रेघ सांगत सांगत काढायला लागली. ही देवी. ही फणी. ही शिडी. हा घोडा. आजी ऐकत होती आणि मान हलवत होती. चौक पुरा झाल्यावर आजीने माझ्या दिशेने मान हलवली, म्हणजे आता काढ फोटो. तांबड्यावर पांढरं. एकही रेघ जळली नाही.

अल्बम करायला बसलो तेव्हा घोळ लक्षात आला. दोन्ही लग्नांचं सगळं होतं, भिंत बांधण्याचा एकही फोटो नव्हता. सगळ्यांत महत्त्वाचं काम, आणि त्या वेळी फोटोवाला गवंडी. मी दोन लग्नांच्या मधे एक पान कोरं ठेवलं. वापीच्या लॅबवाल्याचा फोन आला, "शेठ, एक फाइल खाली आली आहे." मी म्हटलं, रिकामीच ठेवलीय. तो म्हणाला, असं होत नाही. मग त्या जागी मीच चित्रकलेचा जाड कागद हाताने बांधून घातला. सुनील अल्बम न्यायला आला तेव्हा मी जर्मन विद्यार्थ्यांचं वगैरे सांगायला लागलो. तो म्हणाला, "म्हंजे फोटो पडला नाय." माणूस रंगाच्या दुकानातला, त्याला पुट्टी लगेच ओळखू येते.

दोन-तीन वर्षं गेली. जानकीआजी गेल्याचं कानावर आलं. २०१९ च्या लग्नसराईत एका दुपारी लाहनीबाय दुकानात आली. एकटी, काखेत अल्बम, बोटांना वाळलेलं पीठ. वाणगावजवळच्या एका पाड्यावर चौक काढून परत चालली होती. आता तिला लांबलांबून बोलावणी येतात. गाणी जानकीआजीने मरण्यापूर्वी तिच्या गळ्यात ओतून ठेवली होती, त्यामुळे पुढल्या वर्षीपासून लग्नही तीच लावणार, असं तिने सहज सांगितलं. मला चहा मागवायचं सुचेना. मंगलने मागवला.

"या पानाचा फोटो काढून द्या," ती म्हणाली आणि अल्बम उघडला.

माझं कोरं पान कोरं राहिलं नव्हतं. आधी ते सगळं गेरूने सारवलं होतं. मग त्यावर पांढऱ्याने तो दिवस काढला होता. बांबू रोवणारी माणसं, माती तुडवणाऱ्या बाया, खाटेवर काठी चाचपणारी आजी, सैरावैरा कोंबड्या आणि त्यांच्या मधे एक माणूस कुंपण उपटताना. सगळी माणसं दोन त्रिकोणांची, वारली चित्रात असतात तशी. फक्त एक जण वेगळा होता. त्याच्या हातात घमेलं, दोन बाजूंना दोन दिवे, आणि दोन त्रिकोणांच्या मधे एक चांगला मोठा गोल.

"हा मी?"

"दोन तिकोनांत बसंना तुमी," ती म्हणाली.

"पण सारवलंत का पान? पांढरंच होतं ना, छान."

"मंग काढू कसा? पांढऱ्यावर पांढरा दिसतो?" तिने शेजारच्या छापील पानावरून बोट फिरवलं. "ही बाकीची पानं सुनीलच्या भिंतीसारकी, चकचकीत. यांच्यावर नाय चिकटला असता. ह्ये एक चांगला ठेवलात, यानं पिला."

मी ताबडतोब सायलीला फोन लावला. ती हसत सुटली. मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी एक नातेवाईक सांगायचा राहिलाच. ऑबर्न. तांबूस तपकिरी केसांना इंग्रजीत म्हणतात. तोही आल्बुसच्याच घरचा. निघाला तेव्हा त्याचा अर्थ पांढुरका असा होता. वाटेत कोणाकोणाची संगत लागली आणि पोहोचेपर्यंत तपकिरी झाला."

"गेरू," मी म्हणालो.

"हो. गेरूच."

मी हे लाहनीबायला सांगितलं. तिला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. पांढऱ्याने दुसरं करायचं तरी काय, असा तिचा चेहरा होता.

अल्बम खिडकीपाशी नेला. दुपारचा उजेड पडद्यातून गाळून पानावर येऊ दिला. सवयीने खिशातला पांढरा कागद काढला, मग परत ठेवला. पानावरचं पांढरंच दाखवलं कॅमेऱ्याला, बाबा रे, हे पांढरं, आता यावरून बाकीचं ठरव. क्लिक केलं. मागच्या स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. कोंबड्यांची पिसं, आजीच्या काठीची गाठ, रावजीच्या हातातली कारवी, सगळं जागच्या जागी होतं. लाहनीबाय माझ्या खांद्यावरून वाकून बारकाईने बघत होती.

"नीट आलंय," मी म्हणालो. "काही जळलं नाही."

"त्ये दिसतंय," ती म्हणाली. "तुमचा पोट पुरा आला का, त्ये बघते."